गाडीसंगं मिस्त्री जात नसतो

दोन हजार तेवीस साल. दसरा नुकताच झालता आन् मी बहात्तर वर्षांचा होतो. साठी बुद्धी नाठी म्हणतात. माझ्या साठीला इतका काळ लोटला होता की गेलेली बुद्धी फिरून घरी यायला हरकत नव्हती. पण ती काही आली नव्हती. कारण त्या दसऱ्यानंतर आमच्या साळवे गुरुजीची जुनी गाडी बुद्धगयेला निघाली होती. गाडी मीच तयार केलेली. तिच्यात माझ्या बायकोची जागा पक्की झालेली. तिच्या बाजूची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवलेली. आन् मी मात्र "येणार न्हाई म्हंजी न्हाई" म्हणून दुकानात बसून होतो.

मी लिंबाजी मिस्त्री, तलवाड्याचा. शाळा चौथीपर्यंत. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलंय, गुरुजीनं वेलांट्या तेवढ्या सरळ केल्या. त्यानं आणखी बरंच काही सरळ करायला घेतलं होतं, पण मी कागद हिसकून घेतले.

आधी माझा धंदा सांगतो, म्हंजे मी का अडून बसलो ते कळंल.

बंद पडलेली गाडी चालू करणारे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. मला त्याचं कौतुक नाही. बंद पडलेली गाडी आपल्या तोंडानंच सांगते, माझं इथं दुखतंय. खरं काम चालू गाडीचं. गाडी जुनी आहे, लांबच्या वाटेला निघालीय, तिला आज काहीच झालेलं नाही, आन् पुढंही काही होऊ नये म्हणून आधीच हात घालायचा. ह्या कामाला माझं नाव होतं. तिरुपतीला जाणारा असो का अजमेरला, काशीचा असो का नागपूरच्या दीक्षाभूमीचा, जुनी गाडी घेऊन निघायचं असलं की माणूस आधी माझ्या दारात यायचा.

पण ह्या कामाची एक खोड आहे. ते नीट झालं तर काहीच होत नाही. आन् काहीच झालं नाही, हे सांगायला कोण येतंय? जेवणात मीठ बरोबर पडलं तर घरात कुणी त्याचं नाव काढत नाही, कमी पडलं की मात्र सगळ्यांना तोंड फुटतं. माझं तसंच. गाडी सुखरूप गेली, सुखरूप आली, की माणूस आपल्या शेताला लागला. मला वाटायचं, यावं कुणीतरी, सांगावं की मिस्त्री, घाट असा चढली, उतारावर अशी उतरली. कुणी यायचं नाही. म्हणून उभ्या जन्मात मी माझं काम डोळ्यांनी बघितलंच नाही. ते सगळं लांब कुठंतरी रस्त्यावर झालं आन् तिथंच राहिलं.

गिऱ्हाइकं तर एकापेक्षा एक. काही जण निघायच्या दिवशीच यायचे. गाडी दारात, इंजन चालू, आत बायको, पोरं, सासू, सासूच्या मांडीवर पुऱ्यांचा डबा. "मिस्त्री, जरा नजर टाका, तिरुपतीला निघालोय." मी म्हणायचो, "नजर टाकायला मी काय देवरशी हाय? इंजन बंद कर आन् सासूबाईला उतरव. परवा जा." निम्मे रागवून निघून जायचे. उरलेले निम्मे परवा जायचे आन् पोचायचे.

एक पुढारी होता, नाव सांगत नाही, आता नातू निवडणुकीला उभा राहतो. त्याच्या जीपला ब्रेक म्हणून नव्हता, पायाखाली नुसती उशी. मुंबईला जायचं होतं. मला म्हणला, "ब्रेकचं मागून बघू, आधी भोंगा बघा. आवाज बसलाय."

मी म्हणलं, "साहेब, बराबर हाय. थांबता येत न्हाई म्हणल्यावर लोकालाच बाजूला व्हा म्हणावं लागंल."

त्याच्यासंगं आलेली माणसं पुढाऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागली. पण पुढारी मोठ्यानं हसला आन् ब्रेक करून घेतला. माणूस वाईट नव्हता.

आन् एक वरात. नवरदेवाची गाडी मी काचेसारखी करून दिली, माझ्या दारातून निघाली तवा इंजनाचा आवाज मांजराच्या पोटातल्या घुरघुरीवानी. पुढं घरच्यांनी ती सजवली. समोरच्या जाळीवर झेंडूच्या माळा, त्याच्यावर जरीचं कापड, त्याच्यावर नवरा-नवरीच्या नावाचा थर्माकोल. इंजनाला वारा लागायला बोटभर जागा ठेवली नाही. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी उकळली आन् नवरदेव ट्रॅक्टरवर बसून मांडवात गेला. दुसऱ्या दिवशी नवरदेवाचा मामा भांडायला दारात. मी त्याला एवढंच म्हणलं, "पाव्हणं, मी गाडी तयार करून दिलती, बैलपोळ्याचा बैल न्हाई."

तर हे मी लई वर्षं बघत आलोय. मिस्त्रीच्या दारातून निघाली तवा गाडी चांगली असते. माणसं आन् माणसांची हौस तिच्यात भरली, की मग तिचं दुखणं सुरू होतं.

आता माझा नेम सांगतो. तो माझा नाही, माझ्या उस्तादाचा. बीडला रहीमभाई उस्तादाच्या हाताखाली मी शिकलो. एकदा हैदराबादला निघालेला एक शेठ त्यांना म्हणला, उस्ताद, तुम्हीबी चला, वाटेत काही झालं तर? उस्तादानं हातातला पाना खाली ठेवला आन् म्हणले, "मैं संग आया तो समझो काम कच्चा हय. काम पक्का हय तो उस्ताद घर में सोता." शेठ गुमान गेला. उस्ताद खरंच घरी जाऊन झोपले. मी तवाच मनात गाठ मारली. आपण तयार केलेल्या गाडीसंगं मिस्त्री जात नसतो. गेला, म्हंजे त्याला स्वतःच्याच कामाचा भरोसा नाही. त्या दिवसापासून मला कितीतरी जणांनी बोलावलं, फुकट देवदर्शन, फुकट जेवण. लांबच्या वाटेला मी कधी कुणाच्या गाडीत पाय ठेवला नाही.

आता गुरुजीची गाडी. गुरुजी आन् मी चौथीपर्यंत एका पाटावर बसलेलो. तो पुढं शिकला, मास्तर झाला, म्हणून गाव त्याला गुरुजी म्हणतं आन् मीही म्हणतो, पण पुढं "बे" लावतो. रिटायर झाल्यावर त्यानं सरकारी लिलावातली एक गाडी घेतली. गोल पाठीची, पांढरी, डिझेलवरची, जिच्यात एके काळी कलेक्टर आन् मंत्री बसायचे ती. आता ती बनतबी नाही. सामान लागलं तर जुन्या बाजारात हिंडावं लागतं. पण गुरुजीचा जीव तिच्यावर. पोरगी संगीता अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे, ती गाडी चालवायला ह्याच गाडीवर शिकली आन् आता बापापेक्षा झ्याक चालवते. तिनं रजा काढली आन् बापलेकींनी ठरवलं की बुद्धगयेला गाडीनंच जायचं. लोक म्हणले, रेल्वेनं जा की. गुरुजी म्हणला, "रेल्वेनं गया दिसंल, देश दिसायचा न्हाई."

मग गाडी माझ्या दारात आली आन् मी तिला चांगली खोलली.

पहिलं बघितलं रेडिएटर, म्हंजे इंजन थंड ठेवणारं पाणी जिथं फिरतं ती जाळी. आमच्या भागातलं बोअरचं पाणी खारं. वर्षानुवर्षं तेच ओतलं की आतल्या नळ्यांत पांढरा खडक बसतो आन् पाणी फिरत नाही. संगीता वाकून बघत होती. म्हणली, "काका, आमच्या वार्डात निम्मी माणसं ह्याच दुखण्याची. मुतखडा म्हणतेत त्याला." मी तिला म्हणलं, बराबर, जिल्हाच मुतखड्याचा. ती जाळी काढून धुतली, घासली, परत बसवली, आन् तिच्यात पावसाचं पाणी भरलं. माझ्या दुकानाच्या पत्र्याखाली पिंप ठेवलेलं असतं, पावसाळ्यात भरून घेतो, झाकून ठेवतो. ते पाणी मी कुणाला प्यायला देत नाही. ते फक्त लांबच्या वाटेच्या गाड्यांचं.

मग रबर. जुन्या गाडीत लोखंड मरत नाही, रबर मरतं. पाण्याचे पाइप बोटानं दाबून बघायचे, मऊ पडलेला असला की काढ. इंजनचा पट्टा उलटा करून बघायचा, आतून भेगा असल्या की काढ. टायर वरून नवं दिसतं, नक्षी शाबूत असते, पण उन्हात नुसतं उभं राहूनबी त्याचं वय होतं. ब्रेकला जाणारी रबरी नळी बाहेरून बरी आन् आतून सुजलेली असते. मी एकेक काढत गेलो तसा गुरुजी कासावीस व्हायला लागला.

"आरं चालू हाय की तो पट्टा! कावून काढतूस?"

"चालू हाय म्हणूनच काढतो. तुटल्यावर काढायला मला जबलपूरला बोलावणार हायेस का?"

"मग फेकणार का त्याला?"

"फेकत न्हाई. डिक्कीत ठेवतो. घरातल्या म्हाताऱ्यावानी. कामाला लावायचा न्हाई, पण अडीअडचणीला उभा ऱ्हातो."

"म्हंजी तुझ्यावानी," गुरुजी म्हणला.

"तुझ्यावानी बे. मी आजून कामाला हाय."

चाकांची बेअरिंगं धुवून नवं ग्रीस भरलं. ब्रेक पुरा नवा केला. मागच्या कमानी, म्हंजे गाडीचं आन् माणसांचं वजन झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या, त्या खोलून त्यांच्यातलं झिजलेलं सगळं बदललं. मग माझी शेवटची परीक्षा. मी रिकामी गाडी कधी तपासत नाही. रिकाम्या असताना सगळ्याच गाड्या शहाण्या असतात. मी ज्वारीची पोती भरतो, माणसागणिक एक, सामानाची वेगळी, आन् तशी गाडी गेवराईपर्यंत पळवतो. गुरुजीची गाडी पोती घेऊन गेली आन् आली. एक आवाज नाही. मी किल्ली गुरुजीच्या हातात दिली आन् म्हणलं, "जा." हा माझा शब्द. एकदा दिला की त्याच्यापुढं बोलणं नाही.

आन् नेमका तवाच गुरुजी म्हणला, "लिंब्या, मागं दोन जागा मोकळ्या हायेत. वहिनीला घेऊन चल बे."

माझ्या डोक्यात सणक गेली. "कावून? वाटंत बिघडंल म्हणून?"

"आसं कोण म्हणलं?"

"मग मिस्त्री कशाला लागतो संगं?"

"मिस्त्रीला न्हाई बोलावलं. लिंब्याला बोलावलं."

"दोगं एकच हायेत," मी म्हणलं, आन् उठून आत गेलो.

घरी सुंदराबाईला, म्हंजे माझ्या मंडळीला, ही बातमी माझ्याआधी कळली होती. ती गोधडी शिवत बसलेली. वर न बघता म्हणली, "मी हो म्हणून सांगितलंय."

"मी न्हाई म्हणून सांगितलंय."

"तुमचं तुमी सांगितलं, माझं मी. तुमच्या हातच्या गाड्या काशीला गेल्या, रामेश्वरला गेल्या. मी एवढी वरसं तुमच्या हाताखाली हाय, मी कुठवर गेले? शहागडच्या पुलापतोर." शहागडचा पूल म्हंजे आमच्याकडनं जालन्याला जाताना गोदावरीवरचा. त्या पुलाच्या पलीकडं ती कधी गेली नव्हती. खरं सांगायचं तर मीच नेलं नव्हतं.

"माझा नेम तुला ठावं हाय," मी म्हणलं.

"हाय ना. तुमच्या उस्तादानं बायकोला कुठं न्यायचं न्हाई आसाबी नेम सांगितलाता का?" तिनं दोरा दातानं तोडला. "मी जाणार. तुमी बसा पत्र्याखालच्या पिंपाची राखण करीत."

मी उठून दुकानात गेलो. अडून बसणारा माणूस बोलला की फसतो, एवढं मला कळतं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी संगीता गाडी घेऊन दारात उभी. गाडी भरलेली. टपावर बोचकी, डिक्की गच्च. गुरुजी पुढं, सुंदराबाई मागं, नवं लुगडं नेसून.

"काका, बसा," संगीता म्हणली.

"उद्या जायचंय ना तुमाला?"

"उद्याच. आज चाचणी हाय. कपिलधारपतोर."

"चाचणी झाली. पोती घालून केली मी."

"पोती हालत न्हाईत, काका. माणसं हालतेत. वळणावर एका अंगाला कलंडतेत. आन् पोत्यांनी एवढं सामानबी आणलं नव्हतं. तुमीच म्हणता, माणसं भरल्यावर गाडीचं दुखणं सुरू होतंय."

पोरीनं माझाच पाना माझ्यावर फिरवला. तरी मी म्हणलं, माझा नेम. गुरुजी खिडकीतून म्हणला, "चाचणीला मिस्त्री लागतोच बे. गावाला जातोय का आपण? कपिलधार काय परदेश हाय?" हे मात्र खरं होतं. चाचणी मिस्त्रीचंच काम. मी पान्यांची पेटी उचलली आन् मागं सुंदराबाईच्या बाजूला बसलो. आजपर्यंत चाचणीला मी पुढं, चालवायला बसायचो. मागच्या सीटवर बसायची माझी ही पहिलीच वेळ.

बीडपर्यंत गाडी लोण्यावानी गेली. मी मनात खूश, तोंडावर काही नाही. बीड मागं पडलं, मांजरसुंब्याचा घाट लागला, संगीतानं गिअर टाकला, गाडी डाव्या अंगाला वळली आन् मागून आवाज आला. धड्.

मी मागं वळलो.

पुढचं वळण. धड्. उतार लागला, ब्रेक दाबला. धड्, धड्.

"काका, ऐकलं का?" संगीतानं विचारलं.

"मी काय बहिरा हाय?" मी म्हणलं. पण कान मागंच लावला होता. आवाज मागच्या डाव्या अंगाचा, वजन सरकलं की येणारा. म्हंजे कमान. मी स्वतःच्या हातानं बांधलेली कमान. पोत्यांना जे कळलं नाही ते माणसं बसल्यावर बाहेर आलं. मी आयुष्यभर पोती भरून "जा" म्हणत आलो, आन् एवढे लोक नुसते नशिबानं पोचले की काय, असं मनात यायला लागलं.

कपिलधारला गाडी सावलीत लावली. धबधब्याला अजून धार होती, दर्शनाची माणसं येत-जात होती. पोरंटोरं खाली भिजत होती. माझं तिकडं लक्ष नाही. मी गाडी जॅकवर घेतली, पोतं अंथरलं आन् खाली शिरलो.

जुन्या गाडीखाली म्हातारा माणूस दिसला की महाराष्ट्र गोळा होतो. कुणी म्हणलं, बेअरिंग गेलं. कुणी म्हणलं, क्लच हाय. टोपीवाले एक आजोबा वाकून म्हणले, "पाव्हणं, ही गाडी इकून टाका." मी खालूनच ओरडलो, "आजोबा, तुमालाबी घरचे इकायला काढतेत का?" लोक हसले. मी नाही हसलो. कमान बघितली, घट्ट. शॉकअप बघितले, कोरडे, तेलाचा थेंब नाही. चाक काढून बेअरिंग बघितलं, जसं भरलं होतं तसं. सायलेन्सर हलवून बघितला. काही नाही. काही नाही म्हंजे काहीतरी आहे आन् मला दिसत नाही. मिस्त्रीसाठी ह्याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

मी बाहेर आलो, हात पुसले आन् म्हणलं, "उद्याचं जाणं रद्द."

गुरुजीनं चष्मा काढला आन् सदऱ्याला पुसत बसला. संगीतानं रजा किती मुश्किलीनं मिळवली ते मला ठावं होतं. सुंदराबाई दगडावर बसलेली. तिनं नव्या लुगड्याचा पदर नीट केला, पुन्हा नीट केला आन् धबधब्याकडं तोंड फिरवलं. ती एक शब्द बोलली असती तर मी दहा बोललो असतो.

मला ते बघवेना. मी म्हणलं, एकदा रिकामी करून बघू, आवाज वजनाचा आहे का आन् कशाचा. डिक्की उघडली आन् एकेक बोचकं काढायला लागलो. गुरुजीची बॅग. संगीताची बॅग. मग सुंदराबाईचं बोचकं. ते उचललं आन् माझा हात खाली गेला. कपड्याचं बोचकं एवढं जड नसतं. तेच बोचकं परत डिक्कीत सरकवून बघितलं. धड्.

गोळा झालेली सगळी माणसं पुढं सरकली.

मी बोचक्याची गाठ सोडली. दोन लुगडी. त्याच्यात स्टीलची बादली. बादलीत वरवंटा.

पाटा-वरवंट्यातला, चांगला काळ्या दगडाचा, सासूच्या वेळचा वरवंटा.

"हे काय हाय?" मी म्हणलं.

"दिसत न्हाई का? वरवंटा."

"बुद्धगयेला?"

"मग ठेचा कशानं वाटायचा? तिकडं गोड डाळ खातेत म्हणं. इतके दिवस गुरुजीच्या आन् पोरीच्या तोंडाला चव नको?"

"आन् पाटा?"

"पाटा लई जड व्हतो," ती म्हणली, जशी काय हिशेबानं वागलेली बाई. "आडवा दगड तिकडं कुठंबी मिळंल. हाताला बसलेला वरवंटा मिळत नसतो."

आधी टोपीवाले आजोबा हसले. मग संगीता. ती हसता हसता गाडीच्या दाराला धरून खाली बसली. गुरुजी चष्मा हातात धरून डोळे पुसत होता, म्हणत होता, "वहिनी, वहिनी, आवो वहिनी." मला आधी राग आला. मी त्या वरवंट्यासाठी चाक काढलं होतं! मग वरवंटा माझ्या हातात होता आन् तो हाताला खरंच असा बसला, की मलाही आवरंना. मी जो हसायला लागलो तो खोकला येईपर्यंत. बायकोनं उठून पाठीवर थापट्या मारल्या आन् म्हणली, "म्हंजी गाडीत काय बी न्हवतं?"

"काय बी न्हवतं."

"मग एवढं खोललं कावून?"

उत्तर गुरुजीनं दिलं. "कारण लिंब्याला आपल्या कामाचा भरोसा न्हाई," तो म्हणला. "एका धडाक्यात आपल्या आख्ख्या जिंदगीवर बोळा फिरवला की बे तू."

दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर पाना फेकला असता. पण तो एका पाटावर बसलेला माणूस होता, आन् खरं बोलला होता. नेम उस्तादाचा होता की काम पक्कं असलं तर उस्ताद निवांत झोपतो. मी नेमाचं एकच टोक धरलं होतं, घरी राहायचं. झोपायचं टोक सुटून गेलं होतं. आजवर माझ्या हातची गाडी लांब गेली की मी घरीच असायचो, पण झोप कुठं लागायची? आढ्याकडं बघत पडायचो. आता घाट लागला असंल, आता उतार.

चाक बसवलं. सगळ्यांनी धबधब्याखाली डोकं भिजवून घेतलं, गुरुजीनंसुद्धा. सुंदराबाईनं भाकरी काढली. ठेचा होताच. टोपीवाले आजोबा जाता जाता घासभर खाऊन म्हणले, "बाई, वरवंटा नेणं बराबर हाय."

परतताना वरवंटा मी गोधडीत गुंडाळून पायाशी ठेवला. गाडी निघाली. घाट आला, वळण आलं, मी कान लावून बसलो. काही नाही. पुढचं वळण. काही नाही. उतारावर ब्रेक लागला, गाडी नुसती हळू झाली, जशी काय तिला आपणहूनच हळू व्हावंसं वाटलं. खिडकीतून वारा येत होता, सुंदराबाई शेतातला कापूस बघत होती, पुढं बापलेक कशावरून तरी भांडत होते, आन् खाली सगळं गप्प. आयुष्यभर मी जे करत आलो ते हेच होतं. हे गप्प राहणं. दुसऱ्यांना देत आलो आन् मला पहिल्यांदा मिळालं. गोड लागलं. कुणाला सांगितलं मात्र नाही.

घरी उतरताना संगीतानं विचारलं, "मग काका, पास का?"

"मी परवाच पास केलती," मी म्हणलं. "मधी लुडबूड तुमी केली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. अंघोळ केली, पांढरा सदरा घातला. दुकानात गेलो, पान्यांची पेटी पुसून जागेवर ठेवली, पिंपावरचं झाकण घट्ट केलं आन् बाहेरून कुलूप लावलं. स्टेपनी, जॅक आन् तो म्हातारा पट्टा डिक्कीत होता, तेवढं कुठल्याही शहाण्या माणसाच्या गाडीत असतं. मग जाऊन मागच्या सीटवर बसलो.

सुंदराबाईनं माझ्याकडं बघितलं आन् पलीकडं सरकली. गुरुजी मागं वळला. माझे मोकळे हात बघून म्हणला, "मिस्त्री कुठं हाय बे?"

"दुकानात. कुलूप लावून आलोय."

संगीतानं किल्ली फिरवली. गाव मागं पडलं, ऊस मागं पडला, मोठा रस्ता लागला. वरवंटा गोधडीत निवांत होता. शहागडचा पूल आला तवा सुंदराबाईनं मला कोपरानं ढोसलं म्हणे, नदी बघा म्हणून. मला काही ठाऊक नाही. मी झोपलो होतो.